आठ गुंठे आणि जुना लिम

भाच्यानं घर पसंत केलं आणि त्याच रात्री मला लिमची, म्हणजे त्या जमिनीबद्दल तिथल्या महापालिकेनं दिलेल्या माहितीपत्राची, पीडीएफ पाठवली. खाली एक ओळ: "मामा, एजंट म्हणतो लिम क्लीन आहे. एकदा नजर टाका." मी पानं उलटायच्या आधी तारीख पाहिली. नोव्हेंबर २०२२.

हे बोलणं चाललं होतं २०२४ च्या जूनमध्ये. घर पश्चिम ऑकलंडमध्ये, हेंडरसनजवळ. मधे २७ जानेवारी २०२३ चा शुक्रवार येऊन गेला होता. त्या संध्याकाळी ऑकलंडवर जो पाऊस कोसळला त्यात चार माणसं गेली, पश्चिमेकडचे ओढे फुगले, रानुई, हेंडरसन, स्वानसन या भागांत घराघरांत पाणी शिरलं आणि त्यातून सावरायच्या आत फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ आलं. भाच्याच्या हातातल्या लिममधला शब्द न् शब्द खरा असेलही, पण तो पुराच्या आधीचा खरा.

मी मूळचा सांगलीचा, सिव्हिलवाला. इथं घरांचे आराखडे काढणाऱ्या एका लहान ऑफिसात काम करतो. त्यामुळं आपल्या लोकांत 'लिम वाचून देणारा' अशी माझी ख्याती झाली आहे. गणपतीची आरती संपते न संपते तोच कुणीतरी एका हातात प्रसाद आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन शेजारी येऊन बसतं. त्यातलंच हे एक प्रकरण, घरचंच असल्यामुळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता आलेलं. भाच्याची परवानगी घेऊन लिहितोय. घराचा पत्ता आणि विकणाऱ्याची ओळख अर्थातच गाळली आहे.

लिम म्हणजे काय

न्यूझीलंडमध्ये घर घेताना दोन कागद वेगवेगळ्या दारांतून येतात. मालकी कुणाची, बोजा काय, कुणाचा वहिवाटीचा हक्क आहे का, हे टायटलवर, सरकारच्या जमीन नोंदणी खात्याकडं. ते तुमचा वकील काढतो. लिम, म्हणजे लँड इन्फर्मेशन मेमोरँडम, येतो कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून. त्या जमिनीबद्दल कौन्सिलच्या दप्तरात काय काय आहे, त्याचा हा गोषवारा: पूर, दरड, खचणारी जमीन, मातीतलं प्रदूषण, सांडपाण्याच्या आणि पावसाळी पाण्याच्या नळ्या, थकलेला कर, आजवर दिलेले बांधकाम परवाने, त्यांचं पुढं काय झालं, बजावलेल्या नोटिसा. १९८७ च्या स्थानिक शासन माहिती कायद्याच्या कलम ४४अ खाली कौन्सिलला अर्ज आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तो द्यावाच लागतो. अर्ज कुणीही करावा, मालकाची परवानगी लागत नाही. ऑकलंडला फी भरताना भाच्याला चारशे डॉलरच्या आत पडली. घाई असेल तर जास्त पैसे भरून तीन दिवसांतही मिळतो.

आपल्याकडच्या कागदांशी जुळवायला गेलं तर सातबारा हा याचा भाऊ नव्हे. झोन दाखला, भोगवटा पत्र, पूररेषेचा नकाशा आणि घरपट्टीचा उतारा एकत्र शिवून एका लिफाफ्यात घातला, तर लिमच्या जवळ काहीतरी जातं. पुण्यात हे चार कागद गोळा करायला चार खिडक्या लागतात, ही इथली सोय मोठीच. पण या सोयीमुळंच लोक फसतात. सगळं एका लिफाफ्यात आलं म्हणजे सगळंच आलं, असं वाटायला लागतं.

लिम काढताना कौन्सिलचा माणूस जागेवर जात नाही. तो दप्तर उघडतो. दप्तराला जे कधी सांगितलंच गेलं नाही, ते लिममध्ये येणार कुठून? म्हणून मी लिम वाचताना एक कोरा कागद शेजारी ठेवतो. डोळ्यांनी घरात जे जे दिसलं ते डावीकडं लिहायचं, लिममध्ये त्याचा परवाना सापडला तर उजवीकडं खूण. उजवीकडं रिकामं राहिलं तेच खरं वाचायचं.

दोन तारखा, दोन परवाने

भाच्याला म्हटलं, "हा लिम बाजूला ठेव. तुझ्या नावानं, आजच्या तारखेचा काढ. आणि प्रॉपर्टी फाइलही मागव." त्याला वाटलं मी उगाच खर्चात पाडतोय. त्याच्या आधीच्याच महिन्यात तो एका लिलावात गेला होता आणि हातची संधी गेली म्हणून हळहळत होता. लिलावात बोली लागली की व्यवहार बिनशर्त, नंतर लिम वाचून मागं फिरता येत नाही. तिथं हरला ते बरंच झालं, असं मी त्याला तेव्हाही म्हटलं होतं. ते त्याला आवडलं नव्हतं.

या घराचा व्यवहार मात्र वाटाघाटीतून होता. करारात लिमची अट होती: सही झाल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत लिम बघून खरेदीदारानं हरकत कळवायची. पंधरातले दहा कौन्सिल खाऊ शकतं. म्हणून सही झाली त्याच दुपारी अर्ज गेला.

प्रॉपर्टी फाइल आधी आली. लिम हा गोषवारा असेल तर फाइल म्हणजे खोक्यातला मूळ ऐवज: नकाशे, निरीक्षकांच्या चिठ्ठ्या, पत्रव्यवहार. या घराची फाइल तीन दप्तरांतून फिरत आलेली होती. घर बांधलं १९७४ साली, तेव्हा हेंडरसन बरो, म्हणजे तिथली नगरपालिका. १९८९ नंतर वाइताकेरे सिटी. २०१० पासून ऑकलंड कौन्सिल. मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेला मूळ नकाशा फिकट झाला होता, तरी तळमजल्याच्या चौकोनात हातानं लिहिलेला शब्द स्पष्ट दिसत होता: गॅरेज.

जाहिरातीत त्याच चौकोनाला 'रंपस रूम, किचनेटसह', म्हणजे छोट्या ओट्यासकट बसाउठायची जादा खोली, म्हटलं होतं. शिवाय त्यातून भाड्याचं उत्पन्न मिळू शकतं, असंही.

आठव्या दिवशी लिम आला. परवान्यांच्या तक्त्यात दोनच ओळी होत्या. १९७४ चं घर, परमिट. १९९६ ची मागची वाढीव खोली आणि डेक, बिल्डिंग कन्सेंट, आणि पुढच्या रकान्यात सीसीसी, म्हणजे काम नियमांप्रमाणे पूर्ण झाल्याचा कौन्सिलचा दाखला, दिलेलं नाही. भाचा घाबरला तो पहिल्या ओळीला. "मामा, मूळ घरालाच कंप्लायन्स सर्टिफिकेट नाही!" इथं जरा समजावून सांगावं लागलं. सीसीसी, म्हणजे कोड कंप्लायन्स सर्टिफिकेट, ही भानगड १९९१ च्या बिल्डिंग अ‍ॅक्टनं आणली. त्याआधी परमिट मिळायचं, निरीक्षक येऊन बघून जायचा, आणि संपलं. १९७४ च्या घराला सीसीसी नसणं म्हणजे आजोबांच्या जन्माला आधार कार्ड नसण्यासारखं. डोकं खाजवायचं ते १९९६ च्या ओळीपाशी. तेव्हा कायदा होता, परवाना काढला होता, काम झालं, आणि शेवटची तपासणी कुणी मागितलीच नाही किंवा झाली त्यात काही खोट निघाली. फाइलमध्ये एका निरीक्षकाची चिठ्ठी सापडली: डेकचं कठड्याचं काम अपुरं, पुन्हा बोलवावे. पुन्हा बोलावल्याची नोंद नव्हती.

असं अडकलेलं सीसीसी आज मिळत नाही असं नाही. पण कौन्सिल विचारतं की अठ्ठावीस वर्षांत त्या लाकडाचं काय झालं. ढाचा पन्नास वर्षं, बाहेरचं आच्छादन पंधरा वर्षं टिकायला हवं असं बिल्डिंग कोड सांगतो, आणि ती मुदत आजपासून मोजायची की काम पूर्ण झालं तेव्हापासून, याचा अर्ज वेगळा करावा लागतो. बहुधा मागची तारीख मान्य होते. पण त्याआधी कुणीतरी भिंत उघडून दाखवायची असते.

आणि तिसरी ओळ? रंपस रूमची? ती नव्हतीच. माझ्या कोऱ्या कागदावर डावीकडं 'गॅरेजची खोली, सिंक, शॉवर' असं लिहिलं होतं, उजवीकडं काही नाही. १९९२ नंतर परवान्याशिवाय केलेल्या कामाला मागाहून सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स मागता येतं. पण कौन्सिल जेवढं डोळ्यांनी बघू शकेल तेवढ्याचीच ग्वाही देतं, आणि खोली राहण्यालायक ठरायची तर ओल, उंची, हवा, आगीपासून बचाव असं सगळं बसावं लागतं.

फाइलच्या शेवटच्या पानांत एक एकपानी फॉर्म होता. फेब्रुवारी २०२३. पुरानंतर कौन्सिलनं घाईघाईत घरं तपासली, त्यांवर पांढरी, पिवळी, लाल पत्रकं चिकटवली, त्यातला. या घराला पिवळं, म्हणजे आत जायला मर्यादा. कारणाच्या चौकटीत पेननं: तळमजल्यावर सुमारे ३०० मिमी पाणी. काही आठवड्यांनी पत्रक काढल्याची नोंदही होती.

'क्लीन' म्हणून दिलेल्या लिममध्ये हे येणं शक्यच नव्हतं. तो तीन महिने आधी छापलेला होता. एजंटला ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. भाच्याच्या वकिलानं लेखी विचारलं तेव्हा उत्तर आलं की मालकानं 'थोडं पाणी आलं होतं' एवढंच सांगितलं होतं. इथल्या नियमांनी एजंटला माहीत असलेला दोष खरेदीदारापासून लपवता येत नाही. पण 'थोडं' हा शब्द फार सोयीचा आहे.

कुंडीखालचं झाकण

भाचा-सूनबाईंना हे घर हवं होतं ते मागच्या अंगणासाठी. सेक्शन, म्हणजे प्लॉट, ८०९ चौरस मीटरचा, म्हणजे एक एकराचा पाचवा हिस्सा. मी मोजून सांगितलं, "बरोबर आठ गुंठे." भाच्याला गुंठे कळत नाहीत, पण दाजींना कळतात. बेत असा होता की मागं साठ चौरस मीटरची छोटी बंगली बांधायची आणि ताई-दाजी सांगलीहून येतील तेव्हा तिथं राहतील. ग्रॅनी फ्लॅट म्हणतात इथं.

शनिवारी आम्ही जागेवर गेलो. मी लिमच्या शेवटचे नकाशे छापून नेले होते. एका नकाशावर लाल तुटक रेघ अंगणातून आडवी जात होती: सांडपाण्याची सार्वजनिक नळी, १५० मिमी, मागच्या कुंपणापासून सुमारे चार मीटरवर, आणि मधोमध एक गोल. म्हणजे मॅनहोल. अंगणात कुठं दिसेना. सूनबाईला हायड्रेंजियाची एक जाडजूड कुंडी जरा विचित्र जागी वाटली. तिनं आणि मी मिळून ती सरकवली. खाली सिमेंटचं गोल झाकण, त्यावर शेवाळ.

ऑकलंडमध्ये या नळ्या वॉटरकेअरच्या, म्हणजे शहराचं पाणी-सांडपाणी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, आणि जुन्या उपनगरांत त्या लोकांच्या परसातूनच जातात. त्यांच्यावर किंवा अगदी जवळ काही बांधायचं तर वॉटरकेअरची मंजुरी घ्यावी लागते, पायाची खास रचना करावी लागते. कच्च्या आराखड्यात मी दोन मीटर सोडूनच चालतो.

दुसऱ्या नकाशावर निळा पट्टा होता. ओव्हरलँड फ्लो पाथ. जोराच्या पावसात गटारं तुंबली की पाणी जमिनीवरून ज्या वाटेनं उताराकडं जातं ती वाट. एरवी तिथं काहीच दिसत नाही, कोरडं गवत असतं. पण वरच्या कोपऱ्यात गेलो तर शेजाऱ्याच्या लाकडी कुंपणाच्या फळ्या खालून वीतभर कापलेल्या होत्या. एखाद्यानं कुत्र्यासाठी कापल्या असतील असं भाच्याला वाटलं. खालच्या कोपऱ्यातल्या कुंपणाच्या फळ्याही तशाच कापलेल्या. दोन्ही कापांच्या मधे मनातल्या मनात दोरी ताणली, ती कौन्सिलच्या निळ्या पट्ट्यावर पडली. पुढं शेडच्या पत्र्यावर, गुडघ्याच्या खाली, वाळलेल्या गाळाची फिकट रेघ. दीड वर्ष झालं तरी कुणी पुसली नव्हती.

घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर मांडलं. घराच्या मागं अंगण साधारण वीस मीटर रुंद, चौदा मीटर खोल. मागून नळीचे सहा मीटर गेले. घरापासून दोन मीटर सोडले. उरलेल्या सहा मीटरच्या पट्टीला पाण्याची वाट तिरकी कापत गेली. एका बाजूला जेमतेम सहा बाय सातचा तुकडा, दुसऱ्या बाजूला त्रिकोण. साठ चौरस मीटर त्यात बसत नव्हते. पाण्याच्या वाटेत बांधायचं तर रिसोर्स कन्सेंट, म्हणजे बांधकाम परवान्याखेरीज जमिनीच्या वापराची वेगळी मंजुरी, पाणी दुसरीकडून वळवून दाखवायचं, ते शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही, हा वेगळाच महिन्यांचा आणि हजारोंचा खेळ.

निळा रंग आणखी एका ठिकाणी होता. पूरपठाराची छटा जुन्या लिममध्ये कुंपणापाशी थांबली होती, नव्या लिममध्ये ती घराच्या मागच्या कोपऱ्याला टेकली होती. ही छटा दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराची. लोक 'शंभर वर्षांतून एकदा' असं भाषांतर करतात आणि निर्धास्त होतात. तीस वर्षांचं कर्ज काढलं तर त्या काळात निदान एकदा तसा पूर येण्याची शक्यता सव्वीस टक्के निघते. चारात एक.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दाजींना सगळं सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा दाजींच्या घरात छातीइतकं पाणी होतं. लाकडी कपाट अजून फुगलेलंच आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "निळ्या रेषेत येतंय का लाल रेषेत?"

"दाजी, इथं शंभर वर्षांचा पूर धरतात. म्हणजे आपली लाल रेषा."

"मग सांगली काय वाईट होती?"

ताई मागून हसली. भाचा हसला नाही.

लिम चुकला तर?

सूनबाई हिशोबाची माणूस. तिनं विचारलं, "आणि कौन्सिलनंच चुकीचं लिहिलं असतं तर?" प्रश्न रास्त होता. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मार्लबरो जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. अवाटेरे खोऱ्यातली द्राक्षशेतीची जमीन विकताना दिवसाला १,५०० घनमीटर पाणी घेण्याचा हक्क असल्याचं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात हक्क होता ७५० चा, आणि कौन्सिलचा लिमही चुकला होता. लिममधल्या निष्काळजी चुकीबद्दल कौन्सिल खरेदीदाराला जबाबदार ठरू शकतं, असं न्यायालयानं म्हटलं. त्यानंतर कौन्सिलं लिम लिहिताना जास्तच जपून लिहू लागली, असं मला वाटतं. 'कौन्सिलच्या नोंदींनुसार' हे दोन शब्द आता पानोपानी दिसतात.

उलट टोकाचंही झालंय. वेलिंग्टनच्या वरच्या कापिटी किनाऱ्यावर कौन्सिलनं २०१२ मध्ये समुद्राच्या संभाव्य धुपीच्या रेषा सुमारे १,८०० घरांच्या लिमवर टाकल्या. घरांच्या किमतींचं काय, म्हणून रहिवासी चवताळले, प्रकरण हायकोर्टात गेलं. २०१३ च्या निकालाचं मर्म असं की अशी माहिती लिममध्ये यावी, पण ती नीट समजेल अशी, समतोल आणि तिच्यातल्या अनिश्चिततेसकट यावी. २०२३ मध्ये नैसर्गिक धोक्यांची माहिती लिममध्ये कशी यावी यासाठी कायद्यातच दुरुस्ती झाली, तिला हीसुद्धा पार्श्वभूमी आहे.

पण या दोन्ही गोष्टी कौन्सिलनं जे लिहिलं त्याबद्दलच्या. आमच्या रंपस रूमबद्दल कौन्सिलनं काहीच चुकीचं लिहिलं नव्हतं. काहीच लिहिलं नव्हतं. त्यात दावा कसला करणार?

नोटीस

वकिलानं मुदतीच्या दोन दिवस आधी विकणाऱ्याला नोटीस धाडली, लिमची संबंधित पानं जोडून: १९९६ च्या कामाचं सीसीसी मिळवा, तळमजल्याच्या कामाचं काय ते नियमित करा. करारानुसार विकणाऱ्याला पाच कामकाजाच्या दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असतं.

भाच्याचा एक समज इथं मोडला. करारात विकणारा हमी देतो ना, की कामं परवान्यानं केली आहेत? देतो. पण ती त्यानं स्वतः केलेल्या किंवा करवून घेतलेल्या कामांची. या मालकानं घर २०११ मध्ये घेतलं होतं. रंपस रूम त्याच्याही आधीच्या कुणीतरी केली होती, डेकही. हमीची साखळी त्याच्यापाशीच तुटत होती.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. सीसीसी आत्ता शक्य नाही, तळमजला 'आहे तसा', किमतीत मात्र कपात देऊ. कपात बरी होती. आकडा ऐकून भाचा विरघळला. त्यानं नवी कल्पना काढली: "मागं बांधता येत नसेल तर नको. आई-बाबा खालच्या खोलीतच राहतील. किचनेट आहेच."

मी काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, "मामा, तुम्ही तुमच्या आईला तिथं झोपवलं असतं का?"

मी नाही म्हणालो. त्यावर चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी व्यवहार रद्द झाला, ठेव परत आली. सहा आठवड्यांनी त्या घरावर 'विकले' अशी पाटी लागली. मी कामासाठी त्या रस्त्यानं जातो. एकदा वळून गल्लीत डोकावलो. कुंडी पुन्हा झाकणावर होती.

दुसरं घर, दुसरा कागद

या फेरीत मला माझीही एक चूक कळली. त्यांना घर घ्यायचं होतं आणि बांधायचंही होतं, आणि आम्ही दोन्ही प्रश्न एकाच कागदाला विचारत होतो. बांधणाऱ्यासाठी कौन्सिलकडं वेगळा कागद आहे, पिम, प्रोजेक्ट इन्फर्मेशन मेमोरँडम, २००४ च्या बिल्डिंग अ‍ॅक्टखाली. लिम जमिनीबद्दल बोलतो, पिम तुमच्या बेताबद्दल. तुम्ही नकाशा देता की इथं इतकं, अशा जागी बांधायचंय, आणि कौन्सिल सांगतं: या जागेचे धोके हे, नळ्या इथं, वारा या वर्गातला, रिसोर्स कन्सेंट लागेल किंवा नाही, विकास शुल्क बसेल का. पूर्वी पिम सक्तीचा होता, २०१० पासून ऐच्छिक झाला, आणि तेव्हापासून पुष्कळ लोकांनी तो काढणंच सोडलं. आमच्या ऑफिसातही ग्राहक विचारतात, कन्सेंटचा अर्ज करायचाच आहे तर हा मधला कागद कशाला? सपाट, कोरड्या सेक्शनवर मी आग्रह धरत नाही. उताराच्या किंवा निळ्या जागी धरतो.

एक बाब फार कमी लोकांना ठाऊक असते. पिमसाठी मालक असावं लागतं, पण त्या कामापुरतं कायदा लेखी करार केलेल्या खरेदीदारालाही मालक धरतो, करार अटींचा असला तरी. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी पिम मागता येतो. अडचण दिवसांची. पिमला वीस कामकाजाचे दिवस, आणि लिमच्या अटीत असतात पंधरा. म्हणून स्वानसनजवळचं दुसरं घर सापडलं तेव्हा वकिलाकडून करारात ड्यू डिलिजन्सची, म्हणजे सगळी चौकशी करून मग ठरवायची, वेगळी अट पंचवीस दिवसांची घालून घेतली. बाजार थंड होता, विकणाऱ्यानं मानलं. गरम बाजारात कुणी मानलं नसतं.

या घराचा लिम तसा काही निर्मळ नव्हता. पूर्वी तिथं फळबाग होती, त्यामुळं फवारणीच्या औषधांचे अंश मातीत असू शकतात अशी नोंद होती. पश्चिम ऑकलंडच्या जुन्या बागांच्या जमिनींवर ही नोंद नेहमीची. माती तपासली, निभावलं. पिम एकोणिसाव्या दिवशी आला. मागच्या कोपऱ्यात बंगली चालेल, पाण्याची वाट डाव्या कुंपणालगत, तिला हात लावू नका, छपराचं पाणी टाकीत अडवून हळूहळू सोडा, जोत्याची पातळी ठरवताना पुराची पातळी धरा. मी जोतं साधारण अर्धा मीटर वर घेतलं आणि दोन पायऱ्या वाढल्या. ताईच्या गुडघ्यांसाठी सूनबाईनं बाजूनं उतार करायला लावला.

बंगली कन्सेंट काढूनच बांधली. आता जानेवारी २०२६ पासून सत्तर चौरस मीटरपर्यंतच्या साध्या, एकमजली, सुट्या ग्रॅनी फ्लॅटला अटींसह बिल्डिंग कन्सेंटमधून सूट मिळाली आहे, आणि गंमत अशी की त्यासाठी बांधायच्या आधी पिम काढणं आवश्यक आहे. ज्या कागदाला लोक मधला कागद म्हणत होते तोच आता पुढं आला. गणपतीत मला त्याचेच प्रश्न जास्त येणार.

ताई-दाजी आले ते दुपारच्या विमानानं. पिशव्या उतरवायच्या आत दाजी मागच्या अंगणात गेले. बंगलीकडं त्यांनी पाहिलंही नाही. कंबरेवर हात ठेवून वरच्या शेजाऱ्याच्या कुंपणाकडं, मग आपल्या पायांकडं, मग खालच्या कोपऱ्याकडं बघत राहिले.

"पाणी हितनं जाणार," ते डाव्या कुंपणाकडं बोट दाखवत म्हणाले.

भाच्यानं फोनवर पिमचा नकाशा उघडून त्यांच्यापुढं धरला. दाजींनी चष्मा वर केला, निळे बाण पाहिले आणि फोन परत दिला. "तेच म्हणतोय मी," म्हणाले, आणि चहा विचारला.